पूजेचा दोरा

शेठ समोर बसून चहा प्यायला लागला की मी त्याच्या उजव्या हाताकडे बघत बसे. गोरा, मऊ हात. एका बोटात पुष्कराज. बशी उचलताना करंगळी वेगळी निघायची. हा हात कोपरापासून गेला तर हा माणूस बशी कशी धरेल, असा विचार मी करत असे आणि त्या विचाराने मला बरं वाटे. नानांचा हात गेल्यानंतर आठ-नऊ महिने मी त्याच्याकडेच कामाला राहिलो. लोक म्हणायचे, मिस्तरी इमानी माणूस आहे. मी इमानी नव्हतो. मी संधी शोधत होतो.

आधी कामाचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

मी आयटीआय केलेला फिटर. शेठ धुळ्याचा ठेकेदार, त्याच्याकडे फांद्यांचा चुरा करणारं मशीन होतं, गुजरातेतून जुनं आणलेलं. इंजिन त्याचं त्यालाच, पण न्यायचं ट्रॅक्टरमागे ओढत. विजेच्या तारांखालची झाडं छाटायची, रस्त्याकडेच्या बाभळी काढायच्या, जुन्या लिंबाच्या बागा मोडायच्या, अशी कामं तो घ्यायचा. कधी धुळे, कधी जळगाव, कधी चाळीसगाव. मशीनच्या तोंडात फांदी घातली की आतले दोन दातेरी रोलर तिला ओढून घेत, पुढे चाकावरची पाती तिचे तुकडे करत आणि चुरा उंच नळीतून ट्रॉलीत उडे. जळणाच्या कांड्या दाबणाऱ्या कारखान्याला तो चुरा जायचा.

इंजिन माझ्याकडे होतं. झाडावर चढणं आणि फांद्या मशीनला देणं नानांकडे. नाना एरंडोलजवळच्या खेड्यातले, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे, अंगाने वाळलेले, पण कडुलिंबावर असे चढत की खालच्या माणसाने बघत राहावं. मशीन पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते म्हणाले होते, "हाई बाई भलती खादाड शे. मन्ही सासू बी इतली खाये नही." तेव्हापासून आम्ही सगळे त्या मशीनला सासूबाईच म्हणायचो.

मशीनच्या तोंडावर, माणसाच्या छातीच्या उंचीला, एक आडवा लाल दांडा होता. तो दाबला की रोलर जागच्या जागी थांबत. आणखी दाबला तर उलटे फिरून फांदी बाहेर टाकत. माणूस फांदीत अडकला, ओढला जाऊ लागला, तर हाताने, खांद्याने, छातीने, कशानेही तो दांडा दाबला जावा म्हणून तो तिथे असतो. मशीनला बाकी पन्नास भाग आहेत. माणसासाठी असा तेवढा एकच आहे.

आणि त्याच दांड्याने आम्हाला जेरीस आणलं होतं. बाभळीची फांदी सरळ नसते. तिला दुबेळकं असतं, तिबेळकं असतं, म्हणजे दोन-तीन फाटे फुटलेलं बेचकं. आत जाताना ते बेळकं दांड्यावर आदळे, दांडा दबे, रोलर थांबत. मग फांदी मागे घ्या, फिरवा, पुन्हा घाला. दिवसात असं शंभरदा. याला उपाय होता आणि तो मला माहीत होता. फांदी मशीनजवळ आणण्याआधी कोयत्याने बेळक्यात घाव घालून ती मोकळी करायची, बुडखा, म्हणजे जाड टोक, पुढे करून बाजूला उभं राहून द्यायची, आणि शेवटचे बारके तुकडे हाताने न लोटता काठीने लोटायचे. त्यासाठी आणखी एक माणूस लागला असता. मी शेठकडे माणूस मागितला. तो म्हणाला, "माणूस कशाला? त्या दांड्याचं काहीतरी कर ना. मिस्तरी कशाला ठेवलाय तुला?"

मी दांडा तारेने आवळला. काम भराभर होऊ लागलं. पण आठवड्याभरात वीज खात्याचा एक साहेब पाहणीला आला. त्याने तार बघितली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "ही आत्ता काढा, नाहीतर काम बंद." मी काढली. शेठ माझ्यावरच चिडला.

पुढे खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी विळा, कोयता, पाना, करवत, मोटार, ट्रॅक्टर, सगळ्याची पूजा होते. अवजाराला हळद-कुंकू वाहतात, झेंडूची माळ घालतात, नाडाछडी बांधतात, म्हणजे तो लाल-पिवळा पूजेचा दोरा. तो कोणी सोडत नाही. ऊन-पावसात कुजून आपोआप गळेपर्यंत तो तसाच असतो.

तो दोरा हातात घेतला आणि मला युक्ती सुचली.

मी नानांकडे त्यांच्या चढायच्या जुन्या नायलॉनच्या दोरीचा तुकडा मागितला. त्यांनी कोयत्याने तोडून दिला आणि विचारलं, "हाई कसाले?" मी म्हटलं, पूजेला. मग मी लाल दांडा त्या नायलॉनने दोन्ही अंगांनी चौकटीला आवळला, फिटर आवळतो तसा. त्यावर नाडाछडी गुंडाळली, नायलॉनचा धागाही दिसणार नाही अशी. वर माळ, कुंकवाची पाच बोटं. फार सुरेख दिसत होतं ते.

पंधरा दिवसांनी तोच साहेब पुन्हा आला. मशीनच्या तोंडाशी वाकला. त्याने लाल दोरा बघितला, दोन बोटं दांड्याला लावली, छातीला लावली आणि पुढे गेला. पूजेचा दोरा सोडा म्हणायची त्याची छाती होणार नाही हे मी धरूनच चाललो होतो. संध्याकाळी शेठने पाठीवर थाप मारून मला जेवायला नेलं. म्हणाला, "डोकं आहे तुला मिस्तरी." मला ते ऐकून किती बरं वाटलं, हे मी आज कुणाला सांगू शकत नाही. इथे लिहितो एवढंच.

संक्रांतीनंतर आम्ही एरंडोलकडच्या एका रस्त्यावर बाभळी काढत होतो. ऊन उतरायला लागलं होतं. काट्यांमुळे नाना लांब बाह्यांचा सदरा घालत आणि मनगटाशी बटण लावत. त्यांनी एक जाड फांदी दिली. रोलरने ती धरली, आणि तिच्या बारक्या डहाळीचा काटा नानांच्या बाहीत शिरला. सैल बाही, वर बटण लावलेलं. काटा सुटेना. मी मशीनच्या दुसऱ्या बाजूला उभा होतो, ट्रॉली भरत आली का बघत.

नाना ओरडले नाहीत. त्यांनी डाव्या हाताने लाल दांडा दाबला. पुन्हा दाबला. मग अंगाचा सगळा भार घालून तिसऱ्यांदा दाबला.

मला हे दिसत होतं, आणि इंजिनची चावी माझ्यापासून चार पावलांवर होती. पहिल्या दोन वेळी मी हललोच नाही. मला वाटलं, आता थांबेल. दांडा दाबला की मशीन थांबतं, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. तो मीच बांधलाय हे मी विसरलो होतो. आठवलं तेव्हा पळालो.

मी चावी फिरवली तोवर हात कोपरापर्यंत गेला होता. पात्यांचं चाक त्यानंतरही बराच वेळ फिरत राहतं, ते थांबेपर्यंत काही करता येत नाही. मी नानांना मागून धरून उभा राहिलो. मग त्यांचाच रुमाल दंडाला आवळून बांधला. ट्रॅक्टरवाल्याने एक जीप थांबवली आणि तो त्यांना घेऊन जळगावला गेला. मी मशीनपाशी राहिलो आणि शेठला फोन लावला.

माझ्या फोनमध्ये प्रत्येक बोलणं आपोआप रेकॉर्ड होतं. विकत घेतला तेव्हापासूनच तसं होतं, मी कधी लक्ष दिलं नव्हतं. त्या दिवशीचं बोलणं अजून आहे. शेठ विचारतो, "दांडा मोकळा केला का?" मी म्हणतो, "नाही." तो म्हणतो, "आधी तो मोकळा कर. दोरा, दोरी, सगळं ट्रॉलीत टाक. मग पोलिसांना फोन." त्यानंतर थोडा वेळ काही नाही, फक्त रस्त्यावरून एक ट्रक गेल्याचा आवाज. मग माझा आवाज येतो: "कापतो, शेठ."

मी कापलं आणि चुऱ्यात टाकलं. ती ट्रॉली दुसऱ्या दिवशी कारखान्यात रिकामी झाली.

शेठ पोचला तो कागद तयार करूनच. त्यात लिहिलं होतं की नाना दुपारपासून प्यायलेले होते, तोंडाला वास येत होता, नको म्हणत असताना त्यांनी मशीनच्या तोंडात हात घातला. मी तो कागद दोनदा वाचला. नानांनी तरुणपणी कधी घेतली असेल तर असेल, पण माझ्यासोबतच्या सहा वर्षांत त्या माणसाने चहासुद्धा बिनसाखरेचा प्यायला होता. शेठ जीपच्या बॉनेटवर पेन ठेवून म्हणाला, "दांड्याचं कुणी विचारलं तर तू आत जाशील, मी नाही. विचार करून सही कर." मी सही केली.

नाना दीड महिना जळगावला दवाखान्यात होते. मी दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा बाहेरच्या फाटकापर्यंत जाऊन परत आलो.

मग बातमी गावात पोचली. प्यायलेला होता म्हणे. एरंडोलच्या बाजारात भाजीवालीने नानांच्या बायकोला, आम्ही त्यांना अक्का म्हणतो, सगळ्यांदेखत विचारलं की तुमच्या मालकांची सुटली का आता तरी. अक्का भाजी तिथेच टाकून निघून गेल्या. हे मला ट्रॅक्टरवाल्याने सांगितलं. नानांनी कामगार कार्यालयात भरपाईसाठी अर्ज केला होता, तिथेही शेठच्या वकिलाने तोच कागद पुढे केला. हात गेला त्याचं नाना कुणाशी बोलत नाहीत म्हणे, मी प्यायलो नव्हतो हे मात्र येईल त्याला सांगत बसतात. लोक हो म्हणतात आणि एकमेकांकडे बघतात.

तेव्हापासून शेठचं वाटोळं झालेलं मला डोळ्यांनी बघायचं होतं. बाकी कशाची इच्छा राहिली नव्हती. जेवणावर वासना नव्हती, बायकोशी बोलणं नव्हतं.

मी बारीकसारीक सूड घेऊ लागलो. पात्यांना उलटी धार लावायचो, म्हणजे चुरा जाडाभरडा निघे आणि कारखाना ट्रॉली परत पाठवी. शेठ कारखान्याशी भांडायचा, मी बाजूला उभा राहून मान हलवायचो. त्याच्या जीपचा हॉर्न मी असा बिघडवला की तो वळण घेताना आपोआप वाजायचा. एकदा एका लग्नाच्या वरातीत वाजत राहिला आणि लोकांनी त्याला जीपमधून उतरवलं. मी घरी येऊन एकटाच हसलो. बायकोने विचारलं काय झालं, तर काही नाही म्हटलं.

पण रोज संध्याकाळी मी ते रेकॉर्डिंग ऐकायचो. घराच्या मागच्या पायरीवर बसून, फोन कानाला लावून. त्याचा आवाज येईपर्यंत मला चढत जायचं. हेच पोलिसांना दिलं की संपला हा माणूस. मग माझा आवाज यायचा आणि मी फोन खिशात ठेवायचो. त्याला बुडवायचं तर त्याच्या गळ्यात गळा घालूनच बुडावं लागणार होतं. तेवढी हिंमत माझ्यात नव्हती, म्हणून मी जीपचे हॉर्न बिघडवत होतो.

पावसाळा संपता संपता शेठने मला सावद्याला पाठवलं. तिथे केळीचे खांब आणि पानं बारीक करणारं एक मशीन विकाऊ होतं, ते बघून यायचं होतं. मशीन एका बागेच्या कडेला चालू होतं. एक माणूस त्यात खांब घालत होता, गळ्यात पंचा, पंचाची दोन्ही टोकं पुढे लोंबत. तोंडावरच्या दांड्याला लाल-पिवळा दोरा, जाडजूड गुंडाळलेला.

मी जवळ गेलो आणि दोऱ्यात नख घातलं. आत नायलॉन.

मी त्याला विचारलं, हे कुणी बांधलं. तो कौतुकाने म्हणाला, "धुळ्याकडची पद्धत आहे ही. याने मशीन अडत नाही."

मी म्हटलं, सोडा तो.

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. "पूजेचा दोरा सोडतं का कोणी? कुठले तुम्ही?"

मी धुळ्याचा, असं माझ्या तोंडून निघेना. मी इंजिन बंद केलं, चावी काढून हातात घेतली आणि त्याला नानांची सगळी गोष्ट सांगितली. कुणी बांधलं तेवढं सोडून. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, "पण तो तर प्यायलेला होता ना? इकडे सगळ्यांना माहीत आहे." आणि त्याने माझ्या हातातून चावी घेतली.

परतीच्या बसमध्ये मी ठरवलं की येत्या खंडेनवमीला शेठला सगळ्यांसमोर उघडा पाडायचा.

एव्हाना शेठकडे तीन मशीनं झाली होती. खंडेनवमीला धुळ्याच्या त्याच्या वखारीत मंडप घातला. वीज खात्याचा तो साहेब होता, दोन-तीन ठेकेदार होते, कामावरची सगळी माणसं होती. सकाळी शेठने मला नेहमीसारखं सांगितलं, "दोरे बांधून घे, तुझ्या हातचे." मी बांधले. तिन्ही मशीनला, आत नायलॉन, वर नाडाछडी. या वेळी आपण काय बांधतोय ते न विसरता.

पूजा झाली. आमच्याकडे पूजेनंतर मशीन थोडं चालवतात आणि मालक स्वतःच्या हाताने पहिली फांदी घालतो. शेठ कडुलिंबाची डहाळी घेऊन तोंडाशी उभा राहिला. अंगावर सासुरवाडीचं पिवळं रेशमी उपरणं, गळ्यातून पुढे सोडलेलं. मी इंजिन चालू केलं. रोलर फिरायला लागले. तो वाकला आणि उपरण्याचं एक टोक तोंडाच्या कडेवर जाऊन पडलं.

मी ते बघितलं. इथे खोटं लिहायचं नाही असं ठरवलं आहे. मला आनंद झाला. एक वीतभर ते टोक पुढे गेलं असतं तर रोलरने धरलं असतं, आणि कुणी म्हणालं नसतं की मी काही केलं. दोन श्वास मी तसाच उभा राहिलो. त्या दोन श्वासांत मी पलीकडे निघून गेलो होतो, आणि परत कसा आलो ते मला सांगता येत नाही.

मी पुढे झालो, त्याच्या गळ्यातलं उपरणं ओढून काढलं आणि मशीनच्या तोंडात फेकलं.

"थांबवा शेठ," मी म्हटलं. "दांडा दाबा."

उपरणं महागाचं होतं. विचार करायच्या आत त्याने दोन्ही हातांनी दांडा दाबला. दांडा जागचा हलला नाही. त्याने पुन्हा दाबला. उपरणं सळसळत आत गेलं आणि वरच्या नळीतून पिवळ्या चिंध्या उडून मंडपावर, साहेबाच्या डोक्यावर, पेढ्यांच्या ताटात पडल्या. मागे कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

मी इंजिन बंद केलं. चाक थांबेपर्यंत वाट बघितली.

मग मी म्हटलं, "नानांनी असाच तीनदा दाबला होता. ते प्यायलेले नव्हते."

साहेब उठून आला. त्याने या वेळी बोटं छातीला लावली नाहीत. कोयता मागितला, दोऱ्यावर आडवा घाव घातला, आणि आतलं नायलॉन उलगडून सगळ्यांना दिसेल असं धरलं. शेठचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्या चेहऱ्यासाठी मी इतके महिने जगलो होतो आणि तो मी पोटभर बघून घेतला. त्याची लाज मला तेव्हा वाटली नाही, आजही वाटत नाही.

शेठने मात्र स्वतःला सावरलं. घसा साफ करून तो म्हणाला, "आणि ही युक्ती कुणाची, मिस्तरी? पहिला दोरा कुणी बांधला, तेही सांग ना. सगळे आहेत."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. ट्रॅक्टरवालाही. ट्रॅक्टरवाल्याला हे माहीत नव्हतं.

"मी बांधला," मी म्हटलं.

त्या दुपारीच मी एसटीने एरंडोलला गेलो आणि तिथून पायी नानांच्या गावाला. दुसऱ्या कुणाच्या तोंडून त्यांच्यापर्यंत पोचायच्या आत मला पोचायचं होतं. नाना ओट्यावर बसून डाव्या हाताने भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. शेंग गुडघ्याखाली दाबायची आणि अंगठ्याने फोडायची. अक्कांनी मला ओळखलं, पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि आत न जाता तिथेच उभ्या राहिल्या.

मी सगळं सांगितलं. नायलॉन, नाडाछडी, फोन, कापलेला दोरा, कागदावरची सही. मंडपातलं उपरणंही सांगितलं, जरा रंगवूनच. त्यांना बरं वाटेल असं मला वाटत होतं.

नाना शेंगा फोडत राहिले. मग म्हणाले, "दोरी मन्हीच व्हती. पूजाले नायलॉन लागस का? माले तवयच समजनं व्हतं."

मी म्हटलं, मग तुम्ही तेव्हा बोलला का नाही?

"काम भराभर व्हई राहिंतं. माले बी बरं वाटे."

मला वाटलं, हे आता मला सोडवतायत. माझी मान जरा वर झाली असेल. त्यांनी ती बघितली.

"तुले शेठना राग येस," ते म्हणाले. "माले तुन्हा येस. दोरानं जाऊ दे. दोरा आपन दोन्हीस्ना. पन मी पेयेल व्हतू, हाई तू लिखी दिधं. माले वळखीसन." मला ओळखत असूनही. बोलताना त्यांचा आवाज चढला नाही.

मी म्हटलं, नाना, तुम्ही म्हणाल ते करतो.

"कचेरीमा ये आनि बठ्ठं सांग. शेठनं काय व्हई ते व्हवो, तुन्हं काय व्हई ते व्हवो. माले त्यानं काही नही."

कामगार कार्यालय जळगावला. तारखेला मी गेलो तेव्हा शेठ वकिलासोबत बाकावर बसला होता. नाना आणि अक्का समोरच्या भिंतीशी. मी दोघांच्या मधून पुढे गेलो. अधिकाऱ्याने माझा जुना कागद काढला आणि विचारलं, ही सही तुमची? मी हो म्हटलं. आणि आता तुम्ही वेगळं सांगताय? हो. मग खोटं कोणतं?

मी म्हटलं, सही केलेलं खोटं.

शेठचा वकील उठला. त्याने विचारलं की ज्या माणसाने दांडा बांधला आणि पुरावा नष्ट केला, त्याच्यावर विश्वास का ठेवायचा. प्रश्न बरोबर होता. मी फोन काढला आणि टेबलावर ठेवला. खोलीत शेठचा आवाज आला, मग तो ट्रक, मग माझा आवाज. एकटा पायरीवर बसून मी तो कितीदा ऐकला होता, पण नाना खोलीत असताना तो मला ओळखूच आला नाही. इतका आज्ञाधारक, इतका घाईत. नाना तिकडे रस्त्यावर जीपमध्ये होते तेव्हा मी असा बोलत होतो.

अधिकाऱ्याने माझा नवा जबाब लिहून घेतला आणि वाचून दाखवला. अपघाताच्या वेळी सदर कामगार मद्य प्राशन केलेल्या अवस्थेत नव्हता, या ओळीवर नानांनी हात वर केला. डावा.

"साहेब, तेवढं पुन्हा वाचा. हिले ऐकू द्या."

अधिकाऱ्याने पुन्हा वाचलं. अक्का खाली बघत होत्या. पदराने त्यांनी तोंड पुसलं आणि मान हलवली.

शेठचा ठेका वीज खात्याने काढून घेतला. पोलिसांत त्याच्या नावासोबत माझंही नाव आहे, ते प्रकरण चालू आहे. ठेकेदार मला दारात उभं करत नाहीत, मी विहिरींच्या मोटारी दुरुस्त करतो. कुठे फांद्यांचं मशीन चालू दिसलं की थांबतो. दांड्याला दोरा असेल तर आधी इंजिन बंद करायला सांगतो आणि मग कोयता मागतो. दोनदा मार खाल्ला आहे, एकदा देवाचा अपमान केला म्हणून आणि एकदा काम अडवलं म्हणून. शेठविषयीचा राग तसाच आहे. रस्त्यात दिसला तर आजही माझी नजर त्याच्या हातावर जाते.

त्या दिवशी कार्यालयाच्या पायऱ्यांवर मी नाना आणि अक्कांच्या मागे चालत होतो. मला काहीतरी ऐकायचं होतं. काय, ते मलाही नीट माहीत नव्हतं. चहा घेऊ या, असं मी म्हटलं. नाना थांबले नाहीत. त्यांच्या सदऱ्याची उजवी बाही दुमडून पिनेने लावलेली होती, आणि उतरताना ते कठड्याकडे तोंड करून एकेक पायरी उतरत होते, कारण कठडा उजव्या अंगाला होता. मी हात पुढे केला. अक्का मध्ये आल्या आणि नानांचा दंड त्यांनी स्वतः धरला.

"आते घर जाय, मिस्तरी," त्या म्हणाल्या. "आमनी बस शे."